कायद्याच्या कपाटाला कुलूप

केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०१५ रोजी एक आदेश काढला आणि दुसऱ्या दिवसापासून भारताच्या राजपत्राची कागदावरील छपाई थांबली. यापुढे राजपत्र संगणकावर प्रसिद्ध व्हावे, ज्याला हवे त्याने ते तेथून उतरवून घ्यावे, असे ठरले. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील १७ सरकारी छापखान्यांचे ५ छापखान्यांत विलीनीकरण करण्याचा निर्णय घेतला. नाशिकचा छापखाना त्या पाचांत राहिला, एवढेच महाराष्ट्राचे समाधान. काटकसर आणि सोय ही दोन कारणे अशा वेळी नेहमीच हाताशी असतात. रोजच्या राजकारणात या बातम्यांना फारशी जागा मिळाली नाही. राजपत्र कोण वाचतो, असा प्रश्न विचारून सुशिक्षितांनीही पान उलटले.

वस्तुतः राजपत्र वाचणारे थोडेच असतात. त्यावर अवलंबून असणारे मात्र सगळेच. कायदा विधिमंडळात संमत होतो आणि लोकांपर्यंत पोचतो तो राजपत्रातून. राजपत्राचे अंक, अधिनियमांच्या प्रती, त्यांखालील नियम, न्यायनिर्णयांचे खंड यांनी न्यायालयातील ग्रंथालय भरत असते. हा पुरवठा आटला की ग्रंथालय बंद करण्याचा वेगळा हुकूम काढावा लागत नाही. कपाट तेथेच राहते, फक्त आतल्या शेवटच्या पुस्तकावरची तारीख वर्षागणिक जुनी होत जाते. तालुक्याच्या न्यायालयात सामान्यतः दोन कपाटे आढळतात. एक न्यायाधीशांच्या दालनात, दुसरे वकील संघाच्या खोलीत. ज्याचा दावा चालतो त्या पक्षकारासाठी तिसरे कपाट कधी आलेच नाही. आता पहिली दोन कपाटेही खासगी प्रकाशकांच्या, वर्गणी भरून मिळणाऱ्या संगणकीय संग्रहांकडे सरकत आहेत. वर्गणी ज्याच्या नावाची, कायदा त्याच्या हातात, अशी ही व्यवस्था आहे. न्यायालयातील सार्वजनिक कायदे-ग्रंथालय बंद होणे याचा आपल्याकडील अर्थ हा आहे आणि समाजवादी चळवळीने त्याला विरोध करावयाचा तो याच अर्थाने करावयास हवा.

कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही, हे तत्त्व प्रत्येक न्यायालय पाळते. ते न पाळले तर राज्यच चालणार नाही, हेही मान्य. परंतु या तत्त्वाने राज्यावरही एक बंधन येते, आणि ते सर्वोच्च न्यायालयाने फार लवकर सांगून ठेवले आहे. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूविषयक एक कायदा नुसत्या ठरावाने संमत केला. तो कोठेही प्रसिद्ध केला नाही. पुढे हरला नावाच्या इसमाला त्या कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. १९५१ साली न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी लिहिलेल्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की, ज्या कायद्याची माहिती होण्याची कोणतीही वाजवी सोय लोकांना नव्हती, त्याच्या आधारे शिक्षा देणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. हरलाची शिक्षा रद्द झाली. पन्नास रुपयांच्या दंडासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने इतक्या मुळाशी जावे, हे त्या काळचे वैभवच म्हणावयाचे.

तेव्हा प्रश्न असा की, वाजवी सोय म्हणजे कोणती? दिल्लीच्या किंवा मुंबईच्या कचेरीतून पाहिले तर संकेतस्थळावर मजकूर चढवला की सोय झाली. प्रवरेच्या काठावरून पाहिले तर चित्र वेगळे दिसते.

कोल्हार हे नगर-मनमाड रस्त्यावरील, प्रवरेच्या तीरावरचे, भगवतीच्या देवस्थानासाठी ओळखले जाणारे गाव. न्यायालयाचे काम निघाले तर बाभळेश्वर ओलांडून राहात्याला जावयाचे. राहाता हा तालुकाच १९९९ सालचा. त्याआधीच्या कज्जांचे धागे जुन्या तालुक्यांत जातात. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्यांनी हा पट्टा उसाचा केला, आणि लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. हा इतिहास भाषणांतून नेहमी ऐकू येतो. याच जिल्ह्यातील शेतकऱ्याचा आणि कायद्याच्या कागदाचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही.

तो निदान १८७५ पासून सांगावा लागेल. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेले दंगे नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरले. जमावांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि हुकूमनामे, आणि ते हाती पडताच त्यांची होळी झाली. स्वतःला वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवावयाचा, त्या कागदावर सावकाराने एकतर्फी हुकूमनामा मिळवावयाचा, आणि जप्ती दारात आल्यावर शेतकऱ्याला दाव्याची वार्ता कळावयाची, असा तो क्रम होता. परकीय सरकारलाही यातून धडा घ्यावा लागला. १८७९ सालचा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या ४ जिल्ह्यांसाठी झाला. शेतकऱ्याचे दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत, आणि न्यायालयाने रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा हिशेब तपासावा, अशा तरतुदी त्यात होत्या. ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्यावर तो कागद तसाच बजावता येणार नाही, एवढे इंग्रजांनी कबूल केले होते.

स्वराज्यात कूळकायदा आला. मुंबई राज्याच्या १९४८ सालच्या कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कूळ हा कसत असलेल्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. पुरोगामी महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असाच हा कायदा. परंतु त्याच कायद्याच्या कलम ३२-ग मध्ये असेही होते की, किंमत ठरविण्याच्या चौकशीला कूळ हजर राहिले नाही, किंवा खरेदीची इच्छा नाही असे त्याने सांगितले, तर खरेदी निष्फळ ठरवावी. म्हणजे जमीन ज्याच्या नावावर व्हावयाची तो केवळ नोटिशीचा अर्थ न कळल्यामुळे घरी बसला, तर ती हातची जावयाची. मालकाने ‘तू येऊ नकोस, मी पाहून घेतो’ असे सांगितले की पुरे. कायदा कुळाच्या बाजूचा होता आणि कायद्याचे पुस्तक मालकाच्या वकिलाकडे होते. १९६९ साली निराळे कलम घालून काही बेदखल कुळांना संरक्षण द्यावे लागले, यातच सारे आले.

याहून मोठा प्रसंग खंडकऱ्यांचा. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरचा महाराष्ट्र शुगर मिल्स यांसारख्या खासगी साखर कारखान्यांनी या भागातील शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या होत्या. कंपनी खंड देणारी, शेतकरी मालक. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला आणि कंपन्यांच्या ताब्यातील जमीन मर्यादेबाहेरची म्हणून सरकारकडे गेली. तिच्यासाठी १९६३ साली शेती महामंडळ स्थापन झाले. साखर कंपन्यांची हजारो एकरांची जहागीर मोडली म्हणून समाजवाद्यांनीही त्या वेळी टाळ्या वाजवल्या असतील, आणि वाजवावयास हव्याही होत्या. परंतु कायद्यात ‘जमीन धारण करणे’ या शब्दांची व्याख्या अशी होती की, मालक म्हणून असो वा कूळ म्हणून असो, ज्याचा कायदेशीर प्रत्यक्ष ताबा तो धारक. त्या व्याख्येने खंडाने दिलेली जमीन कंपनीच्या खात्यात मोजली गेली, आणि दोन-चार एकरांचा मूळ मालक कमाल मर्यादेच्या जवळपासही नसताना भूमिहीन झाला. भांडवलदाराविरुद्ध उगारलेला सोटा शेतकऱ्याच्या पाठीत बसला. त्यानंतर मोर्चे, सत्याग्रह, निवेदने, दावे असा प्रदीर्घ लढा झाला, कॉ. माधवराव गायकवाड यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. जमिनी प्रत्यक्ष परत मिळण्यास सुरुवात झाली ती २०१२ साली. म्हणजे अर्धे शतक. ज्यांच्या नावे करार होता त्यांपैकी कित्येकांची तोवर राख झाली होती. एका क्रियापदाच्या व्याख्येची ही किंमत आहे. आणि ती व्याख्या ज्या पुस्तकात छापली होती ते पुस्तक खंडकऱ्याच्या गावात मिळत नव्हते.

पुस्तक गावात असते तर अन्याय टळला असता, असा दावा कोणी करू नये. कायदे वर्गहितानुसार होतात. ग्रंथालयाने वर्गसंबंध बदलत नाहीत. पण अन्याय कोणत्या ओळीत दडला आहे हे वेळेवर कळले, तर चळवळ त्या ओळीवर बोट ठेवू शकते. खंडकऱ्यांची चळवळ टिकली याचे एक कारण हेच की, तिच्या नेत्यांनी आणि पुढे सामान्य शेतकऱ्यांनीही तो कायदा पाठ केला होता.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. पुस्तके कशाला हवीत, सर्व काही भ्रमणध्वनीवर आहे, असे म्हटले जाते. यात तथ्य नाही असे नव्हे. केंद्राचे अधिनियम ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आपले हजारो निर्णय सर्वांसाठी खुले केले, त्यांपैकी काहींची भारतीय भाषांत भाषांतरेही होत आहेत. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह. त्याआधी २००७ साली याच न्यायालयाने निकाल दिला होता की, न्यायनिर्णयाच्या मूळ मजकुरावर कोणा प्रकाशकाची मालकी नाही. प्रकाशकाने स्वतःच्या श्रमाने घातलेल्या टिपणांपुरताच त्याचा हक्क आहे.

मात्र दाव्याला जो कायदा लागतो तो पुष्कळदा आजचा नसतो. १९५७ साली कूळ होते की नव्हते, १९७५ साली मर्यादा किती होती, अमुक अधिसूचना निघाली तेव्हा मूळ नियम काय होता, असे प्रश्न जमिनीच्या कज्जांत नित्य उभे राहतात. पडद्यावर सामान्यतः मिळतो तो दुरुस्त्या मिसळून तयार केलेला आजचा पाठ. त्या त्या वर्षीचा पाठ मिळतो तो जुन्या राजपत्रांत आणि जुन्या आवृत्त्यांत. तीच जुनी पुस्तके जागा अडवतात म्हणून सर्वप्रथम रद्दीत निघतात! दुसरे असे की, अधिनियम सापडतो, पण त्याखालचे नियम, सुधारित नियम, शासन निर्णय, परिपत्रके यांच्या जंगलात साधा पदवीधरही हरवतो. तेथे वाट दाखवणारा ग्रंथपाल लागतो. यंत्र शोधून देते ते शोधणाऱ्याने टाकलेल्या शब्दाप्रमाणे. शब्दच ठाऊक नसेल तर यंत्र मुके. आणि तो शब्द बहुधा इंग्रजी असतो. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनंतर महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी झाली; १९७३ च्या कायद्याने केंद्रीय अधिनियमांचे प्रादेशिक भाषांतील अधिकृत पाठ काढण्याची सोय झाली; भाषा संचालनालयाने न्याय व्यवहार कोश सिद्ध केला. एवढे असूनही उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीतच येतो. लोहियांनी न्यायालयांच्या भाषेचा प्रश्न लावून धरला तेव्हा त्यांची टिंगल झाली होती. तो प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

या सगळ्याला गेल्या काही वर्षांत फारच तातडी आली आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे आली, क्रमांक बदलले, प्रक्रिया आणि पुरावा यांचेही कायदे नवे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू करण्यात आल्या आणि २९ कामगार कायदे त्यांत विरून गेले. साखर कारखान्याच्या कामगाराला नोकरीवरून काढताना कोणती परवानगी लागते, संघटनेला मान्यता कशी मिळते, संपाची सूचना किती दिवस आधी द्यावयाची, हे सारे पुन्हा शिकावयाचे आहे. जुन्या कायद्यावर घडलेला कार्यकर्ता एका रात्रीत निरक्षर झाला. आणि नेमक्या याच काळात कायद्याची छापील, खुली, स्थिर प्रत दुर्मिळ होत आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर यातली विसंगती अधिकच ठळक दिसते. कायद्याचा मजकूर ही अशी वस्तू आहे की, एकाने वाचली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. तिच्या निर्मितीचा संपूर्ण खर्च करदात्याने आधीच दिलेला असतो: विधिमंडळाचा, न्यायाधीशांचा, कचेरीचा. अशा वस्तूवर पुन्हा किंमत लावली तर समाजाचे निव्वळ नुकसान होते, हे प्राथमिक पाठ्यपुस्तकातही सापडेल. तरी प्रत्यक्षात तिच्यावर व्यापार उभा राहिला. त्यात सगळेच वाईट होते असे नाही. मुंबईचा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ पासून निघाला, नागपूरच्या चितळ्यांचे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ देशभर पोचले. मराठी मुलखातील उद्यमशीलतेची ही उदाहरणेच आहेत. छापील खंडाचा मात्र एक गुण होता. तो एकदा विकत घेतला की कपाटात राहत असे, आणि कपाट उघडे असेल तर कोणीही वाचू शके. वर्गणीचा संग्रह हप्ता थांबला की त्या दिवशी नाहीसा होतो. मालकी गेली, भाडे आले. जमिनीच्या बाबतीत हा फरक ज्यांना सांगावा लागत नाही त्या शेतकऱ्यांना ज्ञानाच्या बाबतीतही तो सहज कळेल.

ग्रंथालयाला पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १८९१ पासून प्रत्येक परगण्यात सार्वजनिक कायदे-ग्रंथालये आहेत, आणि दावा दाखल करताना घेतलेल्या शुल्काचा काही भाग त्यांना मिळतो. दाव्यांची संख्या घटली की ग्रंथालयाचे उत्पन्न घटते, हा या योजनेचा दोष. तरी न्यायालयात येणाऱ्या पैशावर वाचकाचाही हक्क आहे हे तत्त्व तेथे मान्य झाले. आपल्याकडे पक्षकार मुद्रांक शुल्क भरतो, ते राज्याच्या तिजोरीत जाते, आणि तिजोरीतून कायद्याचे एक पुस्तकही त्याच्यासाठी परत येत नाही. त्याच अमेरिकेतील एक उलटा अनुभवही लक्षात ठेवावा. १९७७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांना पुरेसे कायदे-ग्रंथालय किंवा कायदेशीर साहाय्य देणे राज्यांवर बंधनकारक केले. १९९६ साली त्याच न्यायालयाने ग्रंथालयाचा स्वतंत्र हक्क नाही असे म्हटले, आणि तुरुंगांतील ग्रंथालयांना कात्री लागण्याचा मार्ग मोकळा झाला.

हे लक्षात ठेवावयाचे कारण, आपल्याकडेही ‘फुकट वकील देतो, मग पुस्तक कशाला’ असा युक्तिवाद होईल. १९७६ साली राज्यघटनेत अनुच्छेद ३९-क आला, १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला, तालुक्यापर्यंत समित्या झाल्या. या कार्याचे मोल कमी नाही. पण दुसऱ्याने सांगितलेला कायदा आणि स्वतः वाचलेला कायदा यांत अंतर आहे. सल्ला बरोबर आहे की नाही हे ताडून पाहण्याची शक्ती वाचनाने येते. १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोफत वकिलाच्या हक्काबरोबरच कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेवर मिळालीच पाहिजे, असे सांगितले. वकील आणि कागद, दोन्ही. एकाच्या बदल्यात दुसरे नव्हे.

वकील संघांचा या मागणीला विरोध होईल काय? काही ठिकाणी होईल. पुस्तक पाहून अशिल शहाणा झाला तर धंदा बसेल, ही भीती बोलून दाखवली जात नाही इतकेच. ती निराधार आहे, कारण वैद्यकाची पुस्तके ग्रंथालयात असल्याने वैद्यांचे दवाखाने ओस पडल्याचे ऐकिवात नाही. वकील संघांत पुरोगामी विचाराचे तरुण आहेत, त्यांनी आपल्या खोलीचे दार आठवड्यातून एक दिवस तरी पक्षकारांसाठी उघडावे, अशी विनंती करण्यात कमीपणा नाही.

बाकीचे काम पक्षाच्या कार्यकर्त्यांचे. या जिल्ह्याला वाचनालयाची परंपरा मोठी आहे. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला आणि त्याच्या अनुदानावर गावोगावची वाचनालये कशीबशी उभी आहेत. कोल्हारपासून राहात्यापर्यंतच्या प्रत्येक मान्यताप्राप्त वाचनालयात कायद्याचे एक कपाट असावे: महसूल संहिता, कूळकायदा, ग्रामपंचायत आणि सहकार कायदे, नव्या फौजदारी व कामगार संहिता, सर्व मराठीत, दरवर्षी सरकारी खर्चाने अद्ययावत केलेले. न्यायालयाच्या आवारात तिसरे कपाट आणि त्याजवळ एक माणूस असावा. खर्च मुद्रांक शुल्कातून व्हावा. राजपत्राच्या निदान काही छापील प्रती जिल्हा व तालुका ग्रंथालयांसाठी पुन्हा काढाव्यात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार जनतेसाठी ग्रंथालय वा वाचनकक्ष असल्यास त्याच्या वेळा प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने स्वतः होऊन जाहीर करावयाच्या असतात. राळेगणसिद्धीच्या जिल्ह्यात तरी हे कलम कोणाला नवे नसावे. तेव्हा तहसील, प्रांत आणि जिल्हाधिकारी कार्यालयांकडे पहिला अर्ज जावयाचा तो असा: आपल्याकडे राजपत्राचे व अधिनियमांचे जुने खंड कोणत्या वर्षापासूनचे आहेत, ते कोठे ठेवले आहेत, आणि नागरिकाला ते कोणत्या वेळेत पाहता येतील? अर्जाला दहा रुपये लागतात. रद्दीच्या लिलावाची नोटीस लागण्याआधी तो दाखल झाला पाहिजे.